रंगपट्टे, क्रमांक आणि अनोळखी भाग : इलेक्ट्रॉनिक खुणांची शंभर वर्षे

बंद पडलेल्या उपकरणातला निकामी भाग शोधून काढणे हे दुरुस्तीचे अर्धे काम असते. तो भाग नेमका कोणता आहे, त्याचे मूल्य किती आहे आणि त्याच्या जागी दुसरे काय चालेल, हे ठरवणे हे उरलेले आणि बहुधा अधिक अवघड काम असते. गेल्या शंभर वर्षांत इलेक्ट्रॉनिक भागांवर रंगांचे ठिपके, पट्टे, अक्षरे आणि आकडे अशा नाना खुणा उमटवल्या गेल्या. त्यांतली प्रत्येक पद्धत तिच्या काळातल्या एखाद्या अडचणीवर उपाय म्हणून जन्मली, आणि ती अडचण बहुतेक वेळा कारखानदाराची किंवा घाऊक खरेदीदाराची होती. दुरुस्ती करणारा कारागीर हा या खुणांचा वाचक खरा, पण त्या त्याला समोर ठेवून क्वचितच आखल्या गेल्या. या खुणांचा इतिहास क्रमाने पाहिला, तर भागाविषयीची माहिती प्रथम त्याच्या अंगावर असलेली, मग संदर्भग्रंथात गेलेली आणि शेवटी कंपनीच्या दप्तरात बंद झालेली दिसते. अनोळखी भाग ओळखण्याची कारागिराची विद्या या स्थलांतराच्या मागोमाग घडत गेली.

१९२० नंतरच्या दशकात रेडिओ ही घराघरांत जाणारी वस्तू होऊ लागली. मुंबईत रेडिओ क्लबचे प्रसारण १९२३ मध्ये सुरू झाले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या काळच्या रेडिओसंचात रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा रोधक, आणि कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारा धारक, हे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून येत आणि त्यांवरची छपाई ज्याच्या त्याच्या मर्जीने होई. अमेरिकेतील रेडिओ उत्पादकांची संघटना, रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, १९२४ मध्ये स्थापन झाली आणि तिने रेझिस्टरसाठी रंगांची जी सांकेतिक पद्धत ठरवली, ती १९३० च्या सुमारास प्रत्यक्ष संचांत दिसू लागली. बारीक, गोल दांडीवर छापलेला आकडा हाताळताना पुसला जाई किंवा जोडणीनंतर नेमका खालच्या बाजूला जाऊन दिसेनासा होई. रंग मात्र कोणत्याही बाजूने दिसे. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ आणि पांढरा नऊ, हा क्रम तेव्हापासून आजतागायत टिकून आहे.

क्रम टिकला तरी तो वाचण्याची रीत बदलली, आणि जुना संच हाती आला की इथेच फसगत होते. आरंभीच्या पद्धतीत रेझिस्टरचे अंग एका रंगात बुडवलेले असे, एक टोक दुसऱ्या रंगाचे असे आणि अंगावर तिसऱ्या रंगाचा ठिपका असे. अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा आणि ठिपक्याचा रंग पुढे किती शून्ये घालायची ते सांगे. त्यामुळे अंग पिवळे, टोक जांभळे आणि ठिपका लाल असेल, तर मूल्य ४७०० ओहम होई. तिन्ही रंग एकच असले, की टोकही दिसत नसे आणि ठिपकाही दिसत नसे; आपादमस्तक लाल असलेला रेझिस्टर नुसता रंगवलेला वाटला, तरी तो २२०० ओहमचा असे. नंतर ओळीने काढलेले पट्टे आले आणि चौथ्या पट्ट्याने अचूकतेची हमी सांगितली: सोनेरी असल्यास मूल्य पाच टक्क्यांच्या आत, चंदेरी असल्यास दहा टक्क्यांच्या आत, आणि चौथा पट्टा नसल्यास वीस टक्क्यांच्या आत.

रंग ठरले तरी मूल्ये कोणती बनवायची हा प्रश्न उरला होता. तो सोडवणाऱ्या विचाराचे मूळ एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल रेनार यांच्याकडे जाते. त्यांनी लष्करी फुग्यांच्या दोरखंडांच्या शेकडो आकारांऐवजी ठरावीक पटीने वाढत जाणारे मोजके आकार पुरेसे असल्याचे दाखवले होते. इलेक्ट्रॉनिक भागांत हा विचार दहा टक्क्यांच्या सवलतीशी जोडला गेला आणि एक ते दहा या टप्प्यात १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२ अशी बारा मूल्ये निश्चित झाली. यातील ४७ या मूल्याचा दहा टक्क्यांनी वरखाली होणारा पल्ला ४२.३ पासून ५१.७ पर्यंत जातो आणि पुढच्या ५६ चा पल्ला ५०.४ पासून सुरू होतो. म्हणजे कारखान्यात तयार झालेला जवळजवळ प्रत्येक रेझिस्टर या बारांपैकी एखाद्या कप्प्यात बसतो आणि टाकून द्यावा लागत नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९५२ मध्ये ही मूल्यमाला आणि रंगसंकेत या दोन्हींना मान्यता दिली.

कारखान्याचा माल वाया जाऊ नये म्हणून आखलेल्या या मालिकेचा कारागिराला मात्र अनपेक्षित लाभ झाला. जळून काळवंडलेल्या रेझिस्टरचा पहिलाच पट्टा कसाबसा दिसत असेल आणि तो पिवळा असेल, तर बारांच्या मालिकेत चारने सुरू होणारे मूल्य ४७ हे एकच असल्यामुळे दुसरा पट्टा जांभळाच असणार, हे न पाहताही सांगता येते. हिरव्यानंतर निळा, निळ्यानंतर राखाडी आणि राखाडीनंतर लाल याच जोड्या संभवतात. पहिला पट्टा तपकिरी असेल तेव्हा मात्र चार पर्याय उरतात आणि मग आसपासच्या सर्किटचा आधार घ्यावा लागतो. पट्टे स्वच्छ दिसत असले तरी त्यांच्यावर आंधळा विश्वास टाकता येत नाही, कारण कार्बनच्या जुन्या रेझिस्टरचे मूल्य दमट हवेने आणि उष्णतेने वर्षानुवर्षे वाढत जाते. पट्ट्यांवरून त्याचे जन्माच्या वेळचे मूल्य कळते, आजचे मूल्य मीटरच सांगतो.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळीच्या, नावांतून याहून बरीच अधिक माहिती मिळत असे. अमेरिकेत १९३३ पासून रुळलेल्या पद्धतीत नावाच्या आरंभीचा आकडा व्हॉल्व्हच्या आतल्या तापकाला किती व्होल्टचा पुरवठा लागतो ते सुमाराने सांगे, मधली अक्षरे केवळ नोंदणीच्या क्रमाने येत, आणि शेवटचा आकडा आतील उपयुक्त अवयवांची संख्या दाखवी. युरोपात फिलिप्स आणि मुलार्ड या कंपन्यांनी १९३४ मध्ये आणलेली पद्धत अधिक बोलकी होती. तिच्यात पहिले अक्षर तापकाचा पुरवठा सांगे, पुढची अक्षरे नळीची रचना सांगत आणि आकडा तिच्या बैठकीचा प्रकार सुचवी. ‘ईएफ८६’ हे नाव वाचताच जाणकाराला ६.३ व्होल्टचा तापक, पाच विद्युदग्रांची रचना आणि नऊ पायांची बैठक एवढे समजत असे.

दोन्ही पद्धती एकाच वस्तूविषयी किती वेगळे बोलत, हे एका प्रसिद्ध नळीवरून स्पष्ट होते. अमेरिकेत ‘१२एएक्स७’ आणि युरोपात ‘ईसीसी८३’ म्हणून ओळखली जाणारी नळी एकच आहे. पण पहिल्या नावावरून तापक १२.६ व्होल्टचा वाटतो, तर दुसऱ्यावरून ६.३ व्होल्टचा. तापक दोन अर्ध्यांत विभागलेला असून ते अर्धे एकामागे एक किंवा समांतर जोडता येत असल्यामुळे दोन्ही नावे खरी ठरतात. अमेरिकी नावातला शेवटचा ७ हा दोन ट्रायोडांचे, म्हणजे तीन विद्युदग्रांच्या दोन रचनांचे, मिळून सहा अवयव आणि सातवा तापक असा हिशेब दाखवतो. युरोपीय नावात तीच गोष्ट दोनदा आलेल्या ‘सी’ या अक्षराने सांगितली आहे. दुसऱ्या महायुद्धात या गुंत्यात लष्करी नावांची भर पडली. ब्रिटिश सैन्याच्या नळ्यांवर ‘सीव्ही’ या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक आले, आणि अमेरिकी सैन्याने ‘६एसएन७जीटी’ या नळीला ‘व्हीटी-२३१’ असे नाव दिले. युद्ध संपल्यावर सैन्याचा उरलेला माल न्यूयॉर्कची रेडिओ रो, लंडनची लायल स्ट्रीट यांसारख्या बाजारांत ढिगांनी आला, तेव्हा तो विकत घेणाऱ्यांपुढे लष्करी क्रमांकाचा नागरी अर्थ लावण्याचे काम येऊन पडले.

याच काळात दुरुस्तीचे संदर्भवाङ्मय उभे राहिले. अमेरिकेत जॉन एफ. रायडर यांनी १९३० च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंचे सर्किटनकाशे जाडजूड खंडांत एकत्र छापले. १९४६ पासून हॉवर्ड डब्ल्यू. सॅम्स यांच्या कंपनीने संच स्वतः उघडून, त्यांची छायाचित्रे घेऊन, प्रत्येक भागाला क्रमांक देऊन आणि त्याच्या जागी चालणारे पर्याय नोंदवून ‘फोटोफॅक्ट’ ही मालिका काढली. अनेक उत्पादक तर संचाच्या पेटीतच आतल्या बाजूला नकाशा चिकटवत असत. भागावरची खूण अपुरी पडली की कारागिराला या नकाशांचा आधार असे.

ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला. त्याला नाव देताना युरोपीय उत्पादकांनी जुनी व्हॉल्व्हची पद्धतच ताणून वापरली. ‘ओसी७१’ या नावातला ‘ओ’ तापक नसल्याचे दाखवतो आणि ‘सी’ तीन विद्युदग्रांची रचना. नव्या वस्तूचे वर्णन तिच्यात नसलेल्या अवयवावरून करण्याचा हा प्रकार होता. काचेच्या कुपीत बसवलेल्या या ट्रान्झिस्टरला बाहेरून काळा रंग दिलेला असे आणि एक लाल ठिपका त्याच्या तीन पायांपैकी (एमिटर, बेस, कलेक्टर) कलेक्टरची बाजू दाखवी. आतला जर्मेनियम हा अर्धवाहक प्रकाशाला प्रतिसाद देत असल्याने हा काळा रंग आवश्यक होता. तो खरवडून साध्या ओसी७१ पासून प्रकाशसंवेदी ट्रान्झिस्टर बनवण्याची युक्ती हौशी मंडळींत लवकरच पसरली. त्यामुळे जुन्या प्रयोगसंचात रंग उडालेला ओसी७१ सापडला, तर तो झिजला आहे की मुद्दाम बदलला आहे, हे ठरवावे लागते.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथे पुढे जेडेक या संस्थेकडे आलेल्या नोंदणीत आरंभीचा आकडा संधींची, म्हणजे अर्धवाहकाच्या दोन प्रकारच्या थरांमधल्या सांध्यांची, संख्या सांगतो, म्हणजे डायोडसाठी ‘१एन’ आणि ट्रान्झिस्टरसाठी ‘२एन’. त्यापुढचे आकडे निव्वळ नोंदणीचे असतात. ‘२एन३०५५’ हा मोठ्या शक्तीचा आणि ‘२एन३९०४’ हा किरकोळ प्रवाहाचा ट्रान्झिस्टर, हे नावावरून कळण्याचा मार्ग नाही. सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकावरून जमीन काळी की मुरमाड हे जसे कळत नाही, तसाच हा प्रकार होता. युरोपने १९६६ मध्ये ब्रुसेल्स येथे प्रो-इलेक्ट्रॉन ही संस्था स्थापन करून बोलक्या नावांची परंपरा चालू ठेवली. तिच्या पद्धतीत पहिले ‘ए’ जर्मेनियम आणि ‘बी’ सिलिकॉन सांगते. दुसऱ्या जागी ‘सी’ असल्यास ध्वनिवारंवारितेचा लहान ट्रान्झिस्टर, ‘डी’ असल्यास त्याच कामाचा मोठ्या शक्तीचा, ‘एफ’ असल्यास रेडिओवारंवारितेचा, आणि ‘वाय’ असल्यास वीज एकदिश करणारा डायोड समजावा. त्यामुळे ‘एसी१२८’, ‘बीएफ१९४’ किंवा ‘बीवाय१२७’ हे नाव वाचता येत असेल, तर पुस्तक न उघडताही भागाचे काम ओळखता येते.

जपानने औद्योगिक मानकानुसार ‘२एस’ हे उपपद आणि त्यापुढे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ किंवा ‘डी’ अशी वर्गवारी स्वीकारली. तिच्यात ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे पीएनपी, ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे एनपीएन; हे ट्रान्झिस्टरचे उलट ध्रुवतेचे दोन प्रकार. मात्र जागा वाचवण्यासाठी भागावर ‘२एस’ छापले जात नाही. ‘सी९४५’ अशी खूण असलेला भाग यादीत शोधायचा तर तो ‘२एससी९४५’ या नावाखाली शोधावा लागतो, आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला तो सापडतच नाही. पायांचा क्रमही देशागणिक बदलला. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले, तर ‘बीसी५४७’ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो, ‘२एन३९०४’ मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर, आणि जपानी ‘सी१८१५’ मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. तिघेही एनपीएन असून बऱ्याच ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात, पण पाय वळवून घातले तरच.

भारतात या सर्व परंपरा एकाच दुकानाच्या फळीवर येऊन बसल्या. १९५४ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये व्हॉल्व्ह आणि १९६२ मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक भाग बनवण्यास सुरुवात केली, आणि त्यांतील बहुतेकांची नावे युरोपीय वळणाची होती. आयात मालाबरोबर जपानी व अमेरिकी क्रमांकही आले. ‘एसएल१००’ आणि ‘एसके१००’ ही देशी जोडी तर या तिन्हींपैकी कोणत्याच पद्धतीत बसत नाही, तरीही भारतीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तिचे नाव घरचे झाले. धातूच्या टोपीच्या काठावर बाहेर आलेली चिमुकली जीभ एमिटरच्या पायाजवळ असते आणि टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते, हे विद्यार्थ्यांना पाठ असे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर ही अशा भागांच्या खरेदीची ठिकाणे ठरली. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या दशकांत मागितलेला क्रमांक मिळणे हा योगायोग असल्यामुळे तिथे ‘इक्विव्हॅलंट’, म्हणजे गुणधर्मांनी जुळणारा दुसरा भाग, या शब्दाला चलनाचे मोल आले. व्होल्टेज सोसण्याची मर्यादा, प्रवाह, वारंवारिता आणि पायांचा क्रम या चार गोष्टी जुळल्या की ‘चालेल’ असा निर्वाळा मिळे.

नाव पुसले गेलेला ट्रान्झिस्टर ओळखण्याचे साधनही याच काळात सर्वांच्या हाती आले. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ‘ॲव्हो’ मीटर बाजारात आला होता. प्रवाह, व्होल्टेज आणि रोध या तिन्हींचे मापन एकाच पेटीत करणाऱ्या मल्टिमीटरांचा तो पूर्वज होय. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी ज्याच्यापासून उरलेल्या दोघांकडे एकाच दिशेने प्रवाह जातो तो बेस, आणि ती दिशा कोणती यावरून एनपीएन की पीएनपी हे ठरते. आजच्या डिजिटल मीटरवर संधीचे व्होल्टेज ०.२ ते ०.३ च्या आसपास दिसले तर जर्मेनियम आणि ०.६ ते ०.७ दिसले तर सिलिकॉन समजावे. मात्र काट्याच्या बहुतेक मीटरांत रोध मोजताना आतल्या बॅटरीचे ऋण टोक तांबड्या तारेवर येते आणि डिजिटल मीटरात धन टोक येते. जुन्या पुस्तकातली रीत नव्या मीटरवर जशीच्या तशी वापरणाऱ्याला प्रत्येक एनपीएन ट्रान्झिस्टर पीएनपी दिसतो.

एकात्मिक परिपथ, म्हणजे आयसी, आल्यावर नावांत कंपनीची मुद्रा शिरली. फेअरचाइल्ड कंपनीचा १९६८ सालचा ‘७४१’ हा प्रवर्धक इतरांनीही बनवला आणि तो ‘एलएम७४१’, ‘एमसी१७४१’, ‘एसएन७२७४१’ अशा नावांनी विकला गेला. उपपद गाळून गाभ्याचा आकडा वेचणे ही आयसी वाचण्याची पहिली पायरी झाली. दुसरी पायरी तारखेचा आकडा वेगळा काढण्याची होती. आयसीवर बहुधा चार आकडी संकेत असतो आणि त्यातले पहिले दोन आकडे वर्ष व पुढचे दोन आठवडा सांगतात. १९७४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेल्या आयसीवर म्हणूनच ‘७४३२’ असे छापलेले असते, आणि तर्कशास्त्रीय आयसींच्या ७४०० मालिकेत ‘७४३२’ हा चार ‘ऑर’ द्वारांचा स्वतंत्र भागही आहे. ‘एसएन७४००एन’ आणि ‘७४३२’ अशा दोन ओळी एकाच अंगावर दिसल्या, तर त्यांपैकी नाव कोणते आणि जन्मतारीख कोणती, हे पद्धत माहीत असल्याखेरीज उलगडत नाही.

याच सुमारास माहिती दडवण्याचीही रीत पडली. मोठ्या उपकरणकंपन्या आयसी आणि ट्रान्झिस्टर स्वतःच्या अंतर्गत क्रमांकांनी छापून घेत, त्यामुळे बाजारात सहज मिळणारा भागही केवळ त्या कंपनीकडूनच मिळू शकेल असा भासे. काही लहान उत्पादक नक्कल टाळण्यासाठी आयसीवरची छपाई घासून काढत. अशा वेळी कारागीर पायांची संख्या मोजतो, पुरवठा आणि जमीन कोणत्या पायांना जोडली आहे ते पाहतो आणि आसपासच्या भागांवरून तर्क बांधतो. आठ पायांच्या आयसीचा चौथा पाय ऋण पुरवठ्याला आणि आठवा धन पुरवठ्याला गेला असेल, तर तो दुहेरी प्रवर्धक असण्याचा संभव मोठा. सातवा धन आणि चौथा ऋण असेल, तर ७४१ च्या वळणाचा एकेरी प्रवर्धक असण्याचा.

पृष्ठभागावर डाख देऊन बसवण्याच्या, म्हणजे एसएमडी, भागांनी १९८० नंतर खुणांची जागाच हिरावून घेतली. नखावर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरवर दोन-तीन अक्षरांपलीकडे काही छापता येत नाही, आणि ती अक्षरे प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ठरवते. फिलिप्सच्या परंपरेत ‘१ए’ म्हणजे ६५ व्होल्ट सोसणारा ‘बीसी८४६ए’, तर फेअरचाइल्डच्या मालावर तीच खूण ४० व्होल्टच्या ‘एमएमबीटी३९०४’ ची आहे. ‘१०३’ हा संकेत रेझिस्टरवर दहा किलोओहम आणि साध्या चकतीच्या कंडेन्सरवर दहा हजार पिकोफॅरड दाखवतो. एक मिलिमीटर लांबीच्या रेझिस्टरवर तर बहुधा काहीच छापलेले नसते आणि बहुथरी सिरॅमिक कंडेन्सर जन्मतःच निनावी असतो. ज्या अडचणीवर उपाय म्हणून १९३० च्या सुमारास रंग आले, ती अडचण अधिक तीव्र झालेली असताना तिच्यावर नवा उपाय शोधला गेला नाही, कारण यंत्रे भाग फितींच्या रिळांवरून उचलतात आणि नाव रिळावर छापलेले असते.

दुसरीकडे खूण आहे पण ती खोटी, असाही काळ आला. जुन्या उपकरणांतून काढलेल्या आयसींचा वरचा थर घासून, त्यावर काळा लेप देऊन महाग क्रमांक छापण्याचा धंदा एकविसाव्या शतकात फोफावला. अमेरिकी सिनेटच्या संरक्षण समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ आणि २०१० या दोन वर्षांतली अशा संशयित भागांची सुमारे १८०० प्रकरणे नोंदवलेली आहेत. ॲसिटोनच्या बोळ्याने अक्षरे उतरतात का, आणि घासल्याचे समांतर ओरखडे भिंगाखाली दिसतात का, या तपासण्या अशा मालासाठी रूढ झाल्या.

या साऱ्या बदलांतून ओळखीचा एक मार्ग मात्र कधी कालबाह्य झाला नाही, आणि तो म्हणजे भागाच्या जागेवरून त्याचे काम ताडणे. ट्रान्सफॉर्मरलगतचे चार डायोड वीज एकदिश करणार, त्यांच्यामागचा मोठा कंडेन्सर ती सपाट करणार आणि त्यापुढचा तीन पायांचा भाग व्होल्टेज स्थिर ठेवणार, हे व्हॉल्व्ह गेल्यानंतरच्या प्रत्येक पिढीत खरे ठरले आहे. पण दाट छपाईच्या बहुथरी सर्किटपट्ट्यांत हा तर्कही नकाशाविना फार दूर जात नाही. त्यामुळे रायडर आणि सॅम्स यांच्या काळात व्यापाराचा विषय असलेला सर्किटनकाशा आता कायद्याचा विषय होऊ पाहतो आहे. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीला चालना देणारा निदेश संमत केला. सुटे भाग मिळण्याची तरतूद अशा प्रयत्नांचा मोठा भाग असला, तरी खुणांचा इतिहास पाहता कारागिराची निकड त्याच्याही आधीची आहे: कोणता भाग मागायचा हे कळल्याशिवाय तो मिळण्याच्या हक्काचा उपयोग होत नाही, आणि ते कळण्याची सोय आज भागाच्या अंगावर उरलेली नसल्याने ती नकाशातूनच पुरवावी लागेल.